मेड इन जपान, मु. पो. वाशिम

बँकेच्या कर्जाच्या अर्जात 'कर्जाचे प्रयोजन' असा एक रकाना असतो. त्या रकान्यात लोक 'विहीर दुरुस्ती' असं लिहितात आणि मुलीचं लग्न उरकतात. 'म्हैस खरेदी' लिहिणारा मोटारसायकल घेतो. हे कर्ज घेणाऱ्याला ठाऊक असतं, देणाऱ्याला ठाऊक असतं आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांना तर आणखीच ठाऊक असतं. कारण त्यांनीही कधीतरी घरदुरुस्तीसाठी कर्ज काढलेलं असतं. आवडीनिवडीचंही तसंच आहे. अमुक गाणं का आवडतं असं विचारलं, की माणूस रकान्यात बसेल असं काहीतरी सांगतो. शब्द फार अर्थपूर्ण आहेत म्हणतो, चाल अवीट आहे म्हणतो. खरं प्रयोजन वेगळंच असतं.

मला हा प्रश्न जरा जास्तच विचारला जातो. वाशिमसारख्या गावात राहणारा, पंचेचाळिशी गाठलेला, कॉमर्सचा पदवीधर, डोक्यावरचे केस आणि खात्यावरची शिल्लक दोन्ही विरळ झालेला एक कारकून 'डीप पर्पल' नावाच्या विलायती मंडळींची, तो जन्मायच्या आधी झालेली मैफल ऐकत बसतो, हे शेजाऱ्यांच्या पचनी पडत नाही. "भाऊ, तुम्ही नाट्यसंगीतवाले वाटला होता," असं एकानं मला दुखवट्याच्या सुरात सांगितलं. मी नाट्यसंगीतवालाही आहे. पण निर्जन बेटावर एकच ध्वनिमुद्रिका न्यायची परवानगी मिळाली, तर मी 'मेड इन जपान' नेईन. (वाशिमच्या माणसाला निर्जन बेटावर कोण पाठवणार, हा प्रश्न वेगळा. आमची बदली फार तर मानोऱ्याला होते.) या आवडीचं कारण द्यायचं, तर जुनी फाईल काढावी लागेल. मागची कागदपत्रं पाहिल्याशिवाय प्रकरण मंजूर करायची आम्हाला सवय नाही.

फाईलचं पहिलं पान नोव्हेंबर १९०२ चं आहे. फ्रेड गेस्बर्ग नावाचा एक ध्वनिमुद्रक कलकत्त्यात आला आणि त्यानं गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं. तबकडीवर मिनिटं मावत तीन. गौहर जान यांनी रात्रभर चालू शकणारं गाणं तीन मिनिटांत बसवलं आणि शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत ठणकावून सांगितलं. लोकांना तो ठसका वाटला. खरी गोष्ट अशी, की तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना लेबल कोणतं चिकटवायचं हे कळावं, म्हणून गाणाऱ्यानं नाव सांगायचं. थोडक्यात, चेकच्या मागे सही करतात तसा तो प्रकार होता.

तेव्हापासून पुढे जवळजवळ पन्नास वर्षं आपल्या देशातलं संगीत तीन-साडेतीन मिनिटांच्या खणात राहिलं. खण लहान होता म्हणून माल हलका होता, असं मात्र म्हणता येणार नाही. गदगच्या एका मुलानं अब्दुल करीम खाँसाहेबांची वसंत रागातली अशीच एक तबकडी ऐकली आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो गाणं शिकायला घरातून पळाला. ते भीमसेन जोशी. तीन मिनिटांत एक मुलगा पळाला. खाँसाहेबांना पुरता तास मिळाला असता, तर सगळं गदग रिकामं झालं असतं.

पण तबकडी म्हणजे शेवटी पासपोर्ट साइजचा फोटो. चेहरा ओळखू येतो, माणूस चालतो कसा ते कळत नाही. आपल्याकडे गाणं खरं कुठं भेटायचं, तर मैफलीत. आमच्या शेजारच्या मूर्तिजापूरला १९२० साली जन्मलेले वसंतराव देशपांडे हे लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करत आणि रात्री मैफली गाजवत. एक कारकून म्हणून मला त्यांचा जो अभिमान आहे, तो मी इथे आवरता घेतो. सांगायचं एवढंच, की मैफलीत समोरच्या माणसानं मान हलवली तर गायक त्याच जागेवर परत येतो, आणि कुणी जांभई दिली तर राग बदलतो. बंद खोलीत मायक्रोफोन मान हलवत नाही. तो जांभईही देत नाही, हा त्याचा गुण म्हणायचा.

१९४८ साली लाँग प्लेइंग रेकॉर्ड आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली. तरी कंपन्यांना मैफल जशीच्या तशी छापण्यात रस नव्हता. लोक जी गाणी आधीच विकत घेऊन बसलेत, तीच पुन्हा, खोकल्यासकट, कशाला घेतील? हिशेब बरोबर होता. अमेरिकेत जेम्स ब्राउनला आपल्या १९६२ सालच्या अपोलो थिएटरमधल्या कार्यक्रमाची रेकॉर्ड काढायची होती, तर त्याच्या कंपनीनं पैसे द्यायला नकार दिला. गड्यानं स्वतःच्या खिशातून खर्च केला आणि पुढच्या वर्षी ती रेकॉर्ड तडाखेबंद खपली. तारण नसलेली कर्जंच कधीकधी वेळेवर फिटतात, हा आमचाही अनुभव आहे. फक्त तो परिपत्रकात येत नाही.

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला बांगला देशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम झाला. सुरुवातीला पंडित रविशंकर आणि अली अकबर खाँ बसले, तबल्यावर अल्लारखाँ. मंडळींनी वाद्यं जुळवून घेतली आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. जुळवणीलाच एवढी दाद दिलीत तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे, असं पंडितजींनी सांगितलं. हे सगळं रेकॉर्डमध्ये जसंच्या तसं आहे. मी ती जागा ऐकतो तेव्हा त्या अमेरिकन लोकांना हसत नाही. ती माणसं इतक्या उत्सुकतेनं आली होती, की त्यांना तारेवरचं बोटही गाणं वाटलं. अशी भाबडी दाद स्टुडिओत पैसे देऊन मिळत नाही.

आता मुख्य प्रकरण. १९७२ चा ऑगस्ट. इकडे स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून रोषणाई चालली होती आणि महाराष्ट्र आकाशाकडे डोळे लावून बसला होता. तो बहात्तरचा दुष्काळ. त्याच आठवड्यात डीप पर्पलचे पाच जण जपानात पोचले. गायक इयन गिलन, गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बेस गिटारवर रॉजर ग्लोव्हर आणि ढोल-ताशांच्या साऱ्या खानदानावर इयन पेस. १५ आणि १६ ऑगस्टला ओसाकाचं फेस्टिव्हल हॉल, १७ ला टोकियोचं बुदोकान. तिकडच्या रेकॉर्ड कंपनीनं गळ घातली, की हे कार्यक्रम मुद्रित करू द्या. मंडळी नाखूश. त्यांना मैफलीच्या रेकॉर्डी काढायची हौस नव्हती. पण चोरून मुद्रण केलेला त्यांचा माल बाजारात विकला जात होताच. तेव्हा चोरानं काढण्यापेक्षा मालकानं काढलेली बरी, असा विचार झाला. अट एकच, की आपला माणूस, मार्टिन बर्च, यंत्रावर बसेल आणि पसंत पडलं तरच छापायचं.

सगळा खर्च आला सुमारे तीन हजार डॉलर. पुढे ध्वनीची मिसळण करायच्या कामाला पाचातले दोघेच हजर राहिले, पेस आणि ग्लोव्हर. आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेला साधारण हेच प्रमाण असतं. डिसेंबर १९७२ मध्ये इंग्लंडात ही दुहेरी रेकॉर्ड निघाली, 'मेड इन जपान' या नावानं. वेष्टनावरचा फोटो मात्र लंडनच्या कार्यक्रमाचा. जपानी म्हणून घेतलेल्या मालावर दुसराच शिक्का निघायचा अनुभव आपल्याला आहेच. इथे तो उलटा झाला.

या रेकॉर्डीत गाणी सात आणि मिनिटं शहात्तर. त्यातली चार गाणी त्याच वर्षी मार्चमध्ये निघालेल्या 'मशीन हेड' या स्टुडिओतल्या रेकॉर्डीत आलेली. म्हणजे तुलना करायची सोय आहे. तिथे साडेचार मिनिटांत आटोपलेलं शेवटचं गाणं इथे वीस मिनिटं चालतं. एका गाण्यात गिटार जे बोलेल ते गायक गळ्यातून काढतो, तो काढतो ते गिटार परत फेकते. आपल्या कलगी-तुऱ्यातले सवाल-जबाबच. मध्ये एकदा गायक ध्वनियंत्रणेवाल्याला सांगतो, की सगळंच सगळ्यापेक्षा मोठ्यानं ऐकू येऊ दे. अशी मागणी फक्त आमच्या गावच्या लग्नाच्या वरातीत होते, आणि तिथेही ती पुरी केली जाते.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे एक पंचनामा आहे. ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडच्या माँत्रू गावी फ्रँक झापाच्या कार्यक्रमात कुणा प्रेक्षकानं छताकडे रोषणाईचं पिस्तूल झाडलं, कॅसिनो जळून गेला आणि धूर तळ्यावर पसरला. तिथे मुद्रणासाठी आलेल्या या मंडळींनी ते पाहिलं आणि गाण्यात घातलं. या गाण्याचं जपानमधलं जे रूप रेकॉर्डीत घेतलंय, ते पहिल्या रात्रीचं, म्हणजे १५ ऑगस्टचं. ब्लॅकमोर ते सुरुवातीचे जगप्रसिद्ध सूर छेडतो आणि जपानी श्रोते टाळ्यांचा ठेका धरतात. तिकडे त्या टाळ्या, इकडे लाल किल्ला. माझ्यासारख्या भाबड्या देशभक्ताला हा योग फार महत्त्वाचा वाटतो. तज्ज्ञांना वाटत नाही.

हे सगळं बरोबर असलं, तरी हे झालं 'विहीर दुरुस्ती'. खऱ्या प्रयोजनाकडे यायला मला आमच्या वडिलांना बोलवावं लागेल.

बाबा एका जिनिंगमध्ये मुनीम होते. बी.कॉम.ला मी जे तीन वर्षांत शिकलो, ते त्यांनी मला सातवीत असताना एका दुपारी सांगितलं होतं. वह्या दोन. रोजकीर्द आणि खतावणी. जो व्यवहार ज्या दिवशी झाला तो त्याच दिवशी, घडेल त्या क्रमानं लिहायचा ती रोजकीर्द. मग त्यावरून सवडीनं, खातंवार, चांगल्या अक्षरात उतरवायची ती खतावणी. "खतावणी दिसाले देखणी राह्यते," बाबा म्हणायचे, "पण भांडण लागलं का कोर्ट रोजकीर्द मागते." आणि रोजकीर्दीत खाडाखोड नाही. चुकलं तर चुकलेलं तसंच ठेवायचं, उलट नोंद दुसऱ्या दिवशी करायची. पानावर चहाचा डाग पडला तर डागासकट पान खरं.

स्टुडिओतली रेकॉर्ड ही खतावणी आहे. बसून, पुसून, पुन्हा गाऊन केलेली. चांगली असते, मी तिला नावं ठेवत नाही. 'मेड इन जपान' ही रोजकीर्द आहे. त्या रात्री जे झालं ते त्या क्रमानं. गिलनला स्वतःला त्या दिवसांतलं आपलं गाणं फारसं पसंत नव्हतं म्हणतात. तरी ते पान फाडलेलं नाही. म्हणून मी ते ऐकताना निकाल ऐकत नसतो, साक्ष ऐकत असतो. आणि पाचशे वेळा ऐकूनही, पुढच्या क्षणी हा माणूस ती वरची जागा गाठतो की नाही, अशी धाकधूक मला वाटते. गाठतो हे ठाऊक असताना वाटते. लग्न ठरलेल्या मुलीच्या बापाला मंगलाष्टकं संपेपर्यंत वाटते तशी.

ही रेकॉर्ड माझ्याकडे आली १९९६ साली, कॅसेटच्या रूपानं. मी अकरावीत होतो. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. आमचा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. म्हणजे माझी कॅसेट माझ्या जिल्ह्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. पुण्याचा मामेभाऊ सुट्टीत आला होता, त्याच्याकडची कॅसेट मी पाटणी चौकातल्या एका दुकानात कोऱ्या सी-नव्वदवर भरून घेतली. दुकानदारानं लेबलावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, 'दीप पार्सल'.

बाबांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गिलनची ती गाजलेली किंकाळी चालू होती. बाबा जेवणावरून उठून आले. "कोणाले मारून रायले काय बे?" मी सांगितलं, गाणं आहे, इंग्रजी. "मंग टाळ्या कोण वाजवून रायले?" जपानी लोक. बाबांनी थोडा विचार केला. "म्हणजे गाणारे विलायतचे, आयकणारे जपानचे अन् तू वाशिमचा. समजून कोण रायलं मंग?" या प्रश्नाला संगीतशास्त्रात अजून उत्तर नाही. पण जपानचं नाव निघाल्यामुळे बाबा जरा निवळले. एक तर जपानी माल टिकाऊ, ही त्यांच्या पिढीची श्रद्धा होती. शिवाय राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेला जपानला गेले होते, आणि बाबा होते खंजिरी भजनातले. जिथं महाराज जाऊन आले, त्या देशातल्या लोकांनी उगाच टाळ्या वाजवल्या नसतील, असं त्यांनी आपलं आपण ठरवलं.

मग त्यांनी मुनिमाचा प्रश्न विचारला. "कॅसेट किती मिनिटाची?" नव्वद. "अन् गाणं?" शहात्तर. "मंग चौदा मिनिटं कोरीच? पैसे तं नव्वदचे देले नं आपण?"

कोरी जागा सोडणं हे त्यांच्या वहीत पाप होतं. त्या कार्तिकी एकादशीला आमच्याकडे भजन होतं. बाबांनी माझा टेपरेकॉर्डर मध्ये ठेवला, आधी दुसऱ्या बाजूच्या शेवटी पाच मिनिटं चाचणी घेतली आणि मग पहिल्या बाजूच्या शेवटी नऊ मिनिटं भजन भरलं. तेव्हा माझ्या कॅसेटची पहिली बाजू अशी आहे: शेवटच्या गाण्यात इयन पेस एकटा ड्रम वाजवतो, अफाट वाजवतो, बुदोकानमध्ये टाळ्या उसळतात, त्या विरतात, खट् असा एक आवाज येतो आणि खंजिरी सुरू होते. लय बघाल तर फारशी मोडत नाही.

दुसऱ्या बाजूला नुसती तयारी आहे. खंजिरीचं कातडं सैल पडलं म्हणून ते शेगडीवर तापवणं चाललंय. "अजून तापव थोडी." "जाळतं का आता?" कुणीतरी खोकतं. आई आतून विचारते, चहा किती जणांचा. बाबा मोजतात, नऊ म्हणतात, मग स्वतःला धरून दहा म्हणतात. पाच मिनिटांत गाण्याचा एक सूर नाही. न्यूयॉर्कच्या त्या लोकांनी जुळवणीला टाळ्या का वाजवल्या असतील, ते मला या बाजूवरून कळलं.

बाबा २०११ साली गेले. त्यांचे फोटो आहेत, त्यांच्या अक्षरातल्या वह्या आहेत. आवाज एवढाच आहे, चौदा मिनिटं. ओसाकाचं ते फेस्टिव्हल हॉलही आता नाही. १९५८ साली बांधलेलं ते सभागृह २००८ मध्ये बंद करून पाडलं आणि तिथंच २०१३ ला नवीन उघडलं. जॉन लॉर्ड २०१२ मध्ये गेला, यंत्रावर बसलेला मार्टिन बर्च २०२० मध्ये. माणसं गेली, जागा गेली, दिवसाची नोंद तेवढी राहिली. ती नोंद कुणी त्या वेळी थोर म्हणून केलेली नव्हती. जपानी कंपनीला माल हवा होता आणि बाबांना चौदा मिनिटं फुकट जाऊ द्यायची नव्हती.

आता ही सगळी गाणी फोनवर मिळतात. १९९३ साली तर तिन्ही रात्रींच्या मुद्रणाचा मोठा संच निघाला. मी तो ऐकला. उत्तम आहे. पण त्यात ड्रम संपल्यावर खंजिरी येत नाही, आणि माझा कान तिथे अडखळतो.

कॅसेटची फीत जीर्ण झाली, म्हणून गेल्या वर्षी मी ती अकोल्याच्या एका दुकानात नेली. तिथला तरुण जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देतो. मुलगा हुशार होता. कानाला यंत्र लावून त्यानं दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाला, "काका, खरखर, खोकला, मागचे आवाज सगळे काढून देतो. एकदम स्वच्छ होईल."

मी म्हटलं, "काही काढू नकोस. रोजकीर्द आहे."

त्याला काही कळलं नाही, पण गिऱ्हाईकाशी वाद घालायचा त्याचा धंदा नव्हता. पैसे मोजून घेताना त्यानं पहिल्या बाजूचा शेवट पुन्हा एकदा कानाला लावला, बोटानं काउंटरवर ठेका धरला आणि विचारलं, "हा शेवटी वाजवणारा कोण आहे हो? जपानी का?"

"नाही," मी म्हटलं. "मुनीम."